दुसरा भाग अडखळतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी स्वतः व्हिडिओ गेम खेळत नाही. आमच्या लहानपणी मिरजेच्या गल्लीत गोट्या होत्या, लगोरी होती आणि पावसात घरात अडकलो तर कॅरम होता. बोर्ड संथ झाला की बोरिक पावडर टाकायची, सोंगटी हरवली की शर्टाचं बटण ठेवायचं आणि डाव पुढं चालू. खेळ बिघडला म्हणून कुणी दुःख केल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं माझी धाकटी मुलगी एका रात्री कॉम्प्युटरसमोरून उठली आणि म्हणाली, 'अब्बा, कॉम्प्युटर ठीक आहे, हा खेळच बिघडलेला आहे,' तेव्हा मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. घरी आम्ही दखनी बोलतो, तिचं वाक्य मी मराठीत सांगतोय. तिचं म्हणणं खरं होतं, हे पटायला मला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत जे समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात २०२० सालच्या टाळेबंदीत झाली. मोठा मुलगा कॉलेजात होता, धाकटी शाळेत. दोघांनी मिळून एक साहसकथेचा खेळ खेळायला घेतला. खुर्ची एक आणि स्टूल एक. कंट्रोल भावाच्या हातात, आणि बहीण बाजूला नकाशा बघून 'भाई, डावीकडं', 'भाई, मागं बघ' असं सांगणार. मी शेजारच्या खोलीत वही घेऊन बसायचो, पण कान तिकडंच असायचे. शेवटच्या प्रसंगाला त्यांची अम्मीसुद्धा हातातलं काम टाकून मागं येऊन उभी राहिली. कथा संपली, पण एक गाठ न सोडवताच संपली. पुढचा भाग येणार, हे उघड होतं.

२०२२ साली मुलगा नोकरीसाठी शारजाला गेला. २०२३ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा दोघांनी फोनवर ठरवलं, की भाई रमजान ईदला सुट्टीवर आला की पहिल्याच रात्री सुरू करायचा. धाकटी तोवर पॉलिटेक्निकला गेली होती. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनं अठरा हजार रुपये जमवले होते. त्यातून तिनं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. खेळ विकणाऱ्यांनी जी यंत्रसामग्री 'शिफारस' म्हणून दिली होती, ती तिनं ओळीनं वहीत लिहून, एकेक टिक करून घेतली होती.

ईदच्या रात्री खेळ सुरू झाला आणि दहा मिनिटांत दोघंही गप्प झाले. पडद्यावरचा नायक धावता धावता मध्येच गोठायचा, आणि क्षणभरानं एकदम दहा पावलं पुढं दिसायचा. दार उघडलं की चित्र थांबलं. धूर उठला की चित्र थांबलं. आवाज मात्र चालूच. तीन रात्री त्यांनी प्रयत्न केला. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, 'राहू दे, पुढच्या सुट्टीत बघू.' आणि तो परत गेला.

मी काय केलं? बाप जे करतो तेच. आधी म्हणालो, 'गेले अठरा हजार.' मग तिला न विचारता कॉम्प्युटरचं खोकं उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथं धूळ काढली, रॅम वाढवली आणि विंडोज नव्यानं टाकलं. बिल झालं चार हजार दोनशे. घरी आणून लावलं तर खेळ पूर्वीपेक्षाही जास्त अडखळू लागला. शिवाय विंडोज नव्यानं टाकताना धाकटीची पॉलिटेक्निकची दोन ड्रॉइंग्ज पुसली गेली. ती तिनं दोन रात्री जागून पुन्हा काढली. मला एक शब्द बोलली नाही. न बोलल्याचंच मला जास्त लागलं.

आता मुद्द्याकडं येतो. हे चित्र थांबतं म्हणजे नेमकं काय होतं?

सिनेमाची रीळ आठवा. सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून जातात आणि आपल्याला माणूस चालताना दिसतो. ती चित्रं आधीच काढलेली असतात. यंत्राला ती फक्त पुढं सरकवायची असतात. खेळात तसं नसतं. खेळणारा डावीकडं वळेल की उजवीकडं, हे आधी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून चित्र आधी काढून ठेवता येत नाही. तुम्ही बटण दाबता, मग कॉम्प्युटर त्या क्षणी सगळा हिशोब करतो. कोण कुठं आहे, उजेड कुठून येतोय, सावली कुठं पडेल, हे ठरवून नवं चित्र काढतो. चांगल्या खेळात हे सेकंदाला ६० वेळा व्हावं, अशी अपेक्षा असते. म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. सेकंदाला ३० चित्रं चालणार असतील, तर ३३ मिलिसेकंद.

घरगुती भाषेत सांगायचं तर सिनेमा म्हणजे आदल्या दिवशी वळून ठेवलेले लाडू, आणि खेळ म्हणजे तव्यावरून थेट ताटात पडणारी भाकरी. भाकरी करणारे दोघं असतात. प्रोसेसर पीठ मळून देतो, म्हणजे जगात काय घडतंय ते ठरवतो. ग्राफिक्स कार्ड भाजून देतं, म्हणजे ते रंगवतं. दोघांपैकी कुणाचाही हात थांबला की पंगत थांबते. आणि इथं सरासरीचा काही उपयोग नसतो. तासाभरात भरपूर भाकऱ्या झाल्या, हे खरं असेल. पण मधली एक भाकरी वीसपट उशिरा आली, तर जेवणाऱ्याच्या लक्षात तीच राहते. म्हणूनच 'सेकंदाला सरासरी ६० चित्रं' असं सांगणारं यंत्रही डोळ्यांना अडखळताना दिसू शकतं.

मग हा अडथळा कॉम्प्युटरवरच जास्त का? प्ले-स्टेशनसारखं खेळाचं यंत्र घ्या. एका मॉडेलची लाखो यंत्रं विकली गेली, तरी आतून ती सगळी सारखी असतात. खेळ बनवणाऱ्याला एकाच यंत्राचा स्वभाव समजून घ्यायचा असतो. घरगुती कॉम्प्युटर, ज्याला पीसी म्हणतात, तो मात्र प्रत्येक घरात वेगळा. प्रोसेसर एका कंपनीचा, कार्ड दुसऱ्या कंपनीचं, रॅम कमीजास्त, विंडोज जुनं-नवं. खेळ एकच, पण घरं लाखो तऱ्हेची.

यातली एक अडचण खास पीसीची आहे, आणि आमच्या घरातलं कोडं तिनंच सुटलं. पाण्यावरची चमक, लोखंडाची झळाळी, धुराची दाटी हे दाखवण्यासाठी लहान लहान कार्यक्रम लिहिलेले असतात. त्यांना शेडर म्हणतात. हे शेडर त्या त्या ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत उतरवून घ्यावे लागतात. प्ले-स्टेशनसाठी हे भाषांतर खेळ विकायच्या आधीच करून देता येतं, कारण सगळ्या यंत्रांची भाषा एकच. पीसीवर ते बहुतेक वेळा तुमच्या घरातच करावं लागतं. खेळ सुरू होण्याआधी ते उरकून घेतलं तर ठीक. पण ते ऐन वेळेवर सोडलं, तर पहिल्यांदा धूर उठतो तेव्हा कॉम्प्युटर आधी भाषांतराला बसतो आणि तोवर चित्र थांबतं. एकदा केलेलं भाषांतर मात्र साठवून ठेवलं जातं, त्यामुळं दुसऱ्या वेळी तिथं अडत नाही.

धाकटीच्या हे नेमकं लक्षात आलं होतं. ती मला सांगत होती, 'अब्बा, त्याच दारातून दुसऱ्यांदा गेलं की अडखळत नाही. रॅम कमी असती, तर दुसऱ्यांदाही अडखळलं असतं ना?' किती साधा तर्क! पण मी दुकानदाराचं ऐकलं. आणि विंडोज नव्यानं टाकल्यावर साठवलेलं सगळं भाषांतर पुसलं गेलं, म्हणून खेळ पुन्हा पहिल्या दारापासून अडखळू लागला. चार हजार दोनशे रुपये खर्चून मी रोग वाढवून आणला होता.

आमच्या घरातल्या त्या खेळाचं नाव मी सांगत नाही. एका घरातल्या एका कॉम्प्युटरचा अनुभव हा पुरावा होत नाही. पण ज्या खेळांचे दोष खुद्द त्यांच्या कर्त्यांनीच जाहीरपणे मान्य केले, त्यांची नावं घ्यायला हरकत नाही. त्यातल्या एकाची कहाणी मला विशेष वाटली, कारण तो शहर वसवण्याचा खेळ आहे.

फिनलंडमध्ये टाम्पेरे नावाचं शहर आहे. तिथं २००९ मध्ये कोलॉसल ऑर्डर नावाची छोटी कंपनी सुरू झाली. मार्च २०१५ मध्ये तिनं 'सिटीज : स्कायलाइन्स' हा खेळ आणला. प्रकाशक होती स्वीडनची पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह. रिकाम्या जमिनीवर रस्ते आखायचे, पाणी-वीज आणायची, शाळा-दवाखाने बांधायचे आणि शहर नांदतं ठेवायचं, असा हा खेळ. तो चालला त्यालाही एक कारण होतं. दोन वर्षं आधी, मार्च २०१३ मध्ये, याच प्रकारातला नामवंत 'सिमसिटी' नव्या रूपात आला होता. एकट्यानं खेळायचा असला तरी त्याला सतत इंटरनेट लागायचं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेले लोक दाराबाहेर ताटकळत बसले. ते नाराज लोक या फिनिश खेळाकडं वळले. डझनभर माणसांनी केलेला तो खेळ २०२२ पर्यंत १ कोटी २० लाखांहून अधिक प्रतींपर्यंत पोहोचला.

म्हणजे दुसऱ्याच्या फसलेल्या खेळाच्या जागेवर यांचं शहर उभं राहिलं होतं. त्यामुळं यांच्या दुसऱ्या भागाकडून अपेक्षा फार मोठी होती. पहिल्या भागात एका वेळी हिंडणाऱ्या नागरिकांच्या संख्येला ६५,५३६ ची मर्यादा होती. दुसऱ्या भागात अशी मर्यादा नको, प्रत्येक नागरिकाला जन्म, शिक्षण, नोकरी आणि म्हातारपण असं आयुष्य द्यायचं, आणि जमीनही ४४१ तुकड्यांची अशी ऐसपैस द्यायची, असा बेत होता. बेत म्हणून त्यात वाईट काहीच नव्हतं.

२४ ऑक्टोबर २०२३ ही तारीख जाहीर झाली होती. सप्टेंबरअखेर कंपनीनं खेळासाठी लागणाऱ्या कॉम्प्युटरची पात्रता वाढवली आणि प्ले-स्टेशन, एक्सबॉक्सच्या आवृत्त्या पुढं ढकलल्या. प्रकाशनाच्या आठवडाभर आधी तिनंच सांगून टाकलं, की वेगाचं जे लक्ष्य ठरवलं होतं ते गाठलेलं नाही, तरी आम्ही खेळ ठरल्या दिवशी आणतोय. कबुली प्रामाणिक होती, पण तारीख बदलली नाही. खेळ आला आणि महागडे कॉम्प्युटरही त्याच्यापुढं धापा टाकू लागले. कर्त्यांचं लक्ष्य सेकंदाला ६० नव्हे, ३० चित्रांचंच होतं, आणि अनेकांना तेवढंही मिळत नव्हतं.

लोकांनी मग खेळाची आतली रचना उसवून पाहिली, आणि एक गोष्ट जगभर चर्चेत आली. त्या शहरातल्या प्रत्येक नागरिकाच्या तोंडात दात होते. हा अलंकार नव्हे. माणसांच्या आकृत्यांमध्ये खरोखर दातांचे आकार घडवलेले होते. आपण त्या शहराकडं घारीसारखं उंचावरून बघतो. तिथून माणूस मुंगीएवढा दिसतो, आणि तो तोंडही उघडत नाही. तरी ग्राफिक्स कार्डाला त्याचे दात विचारात घ्यावे लागत होते.

चित्रकार असं कधीच करत नाही. जवळच्या झाडाची पानं तो काढतो. लांबच्या झाडाला हिरवा ठिपका देतो. खेळांतही हीच रीत आहे. एकाच वस्तूची दोन-तीन रूपं करून ठेवायची. जवळून बघताना बारीक कामाचं, लांबून बघताना ओबडधोबड. माणसांच्या बाबतीत ही सोपी रूपं तयारच झालेली नव्हती. कंपनीनं ते मान्य केलं. लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग आणि अशा इतर काही वस्तूंमध्येही गरजेपेक्षा कितीतरी जास्त बारकावा होता. एकट्या दातांनी शहर थांबलं असं नव्हे, पण दातांमुळं लोकांना नेमकं कळलं की काम कुठं अपुरं राहिलंय. भर घालण्याचं काम झालं होतं, पण काढून टाकण्याचं राहून गेलं होतं.

आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांची जुनी घराणी आहेत. त्यांच्या दुकानांवरून मी लहानपणापासून जातोय. भोपळा, दांडी, पट्टी, तारा असं सगळं जोडून झालं, म्हणजे बघणाऱ्याला तंबोरा तयार दिसतो. पण कारागीर तो देत नाही. तार ज्या घोडीवर टेकते, तिचा पृष्ठभाग केसाएवढा घासून जवारी काढायची राहिलेली असते. त्याशिवाय सूर मोकळा होत नाही. हे काम डोळ्यांना दिसत नाही, त्याला घाई चालत नाही, आणि ते प्रत्येक वाद्याचं वेगळं करावं लागतं. पीसीवरच्या खेळाचंही असंच आहे. चित्रं झाली, कथा झाली, संगीत झालं. जवारी राहिली. तारीख आली की बळी तिचाच जातो, कारण जाहिरातीच्या चित्रफितीत जवारी दिसत नाही.

दुसरं उदाहरण बॅटमॅनचं. लंडनच्या रॉकस्टेडी कंपनीनं २००९ आणि २०११ मध्ये बॅटमॅनचे दोन उत्तम खेळ केले होते. २३ जून २०१५ ला 'बॅटमॅन : आर्कम नाइट' आला. प्ले-स्टेशनवर तो नीट चालला. पीसीची आवृत्ती मात्र बाहेरच्या एका छोट्या गटाकडं सोपवलेली होती. तिच्यात चित्रांचा वेग ३० वरच बांधलेला होता, तोही टिकत नव्हता, आणि पावसाचे काही दृश्य-परिणाम गायब होते. ओरड इतकी झाली, की प्रकाशक वॉर्नर ब्रदर्सनं दुसऱ्याच दिवशी पीसी आवृत्तीची विक्री थांबवली. एवढ्या मोठ्या खेळाच्या बाबतीत असं क्वचितच घडतं. ऑक्टोबरअखेर तो परत आला, तरी तक्रारी राहिल्या. शेवटी वर्षाअखेरपर्यंत मागेल त्याला पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली.

इथं योगायोग असा, की ज्या 'स्टीम' नावाच्या ऑनलाइन दुकानातून पीसीचे खेळ विकले जातात, त्यानं त्याच जून महिन्यात पैसे परत करण्याचा नियम आणला होता. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर खेळ परत करता येतो. ग्राहकाच्या हातात हे पहिलं खरं हत्यार आलं. पण त्यालाही मर्यादा आहे. शहर वसवण्याच्या खेळात दोन तासांत काय होतं? एक खेडं होतं. चार रस्ते, दोन विहिरी. खेडं व्यवस्थित चालतं. वस्ती लाखाच्या घरात गेली, की मग यंत्राची दमछाक सुरू होते. तोवर दोन तास केव्हाच उलटून गेलेले असतात. दोष उशिरा दिसणारा आणि दार लवकर बंद होणारं, असा हा मामला आहे.

मग हे लोक अपुरा खेळ विकतात तरी का? केवळ लबाडी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. जाहीर झालेली तारीख, आगाऊ घेतलेले पैसे, भागधारकांना दाखवायचा वर्षाचा हिशोब, ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे. इंटरनेटमुळं 'मागाहून दुरुस्त करू' ही सोय झाली. पूर्वी खेळ काडतुसात किंवा तबकडीत बंद होऊन जायचा. चूक राहिली की कायमची राहिली, म्हणून आधी तपासावं लागायचं. आता पॅच पाठवता येतो. पॅच म्हणजे आपल्या पुस्तकातलं शुद्धिपत्र. फरक इतकाच, की हे शुद्धिपत्र मूळ पानातच मिसळून जातं.

शुद्धिपत्राबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो. माझ्या पहिल्या संग्रहाला लोकांनी बरं म्हटलं होतं. दुसऱ्याच्या वेळी एका साहित्यमेळाव्याची तारीख धरून प्रकाशन ठरलं, पत्रिका वाटून झाल्या. शेवटची प्रुफं मी एका रात्रीत चाळली आणि सही करून दिली. प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक हातात आलं, तर एक फर्मा दोनदा बांधलेला आणि एक गायब. म्हणजे सोळा पानं नाहीत. त्या दिवशी साठेक प्रती खपल्या. एक निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. त्यांनी पहिला संग्रह आणला होता, कव्हर घातलेला. म्हणाले, 'ही कविता मध्येच थांबते. पुढं काय आहे?' मी तिथंच एका कागदावर उरलेल्या ओळी लिहून दिल्या. त्यांनी तो कागद घडी करून पुस्तकात ठेवला. नंतर दुरुस्त प्रती निघाल्या, पण त्या मास्तरांचं पहिलं वाचन मला परत देता आलं नाही. छापखान्याची चूक होतीच. पण पत्रिका वाटल्यात, आता तारीख कशी बदलायची, असं म्हणून सही करणारा मीच होतो.

म्हणून त्या फिनिश कंपनीकडं मला निव्वळ रागानं बघता येत नाही. तिनं पळ काढला नाही. महिनोन् महिने दुरुस्त्या पाठवल्या, पुष्कळ सुधारणाही झाल्या. पण मूळ खेळ सावरलेला नसताना मार्च २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या घरांची एक जोडपुरवणी पैसे घेऊन विकायला काढली, तेव्हा लोकांचा संयम संपला. पुढच्याच महिन्यात कर्ती कंपनी आणि प्रकाशक या दोघांनी मिळून जाहीर पत्र लिहून माफी मागितली, पुरवणीचे पैसे परत केले आणि ती सर्वांना फुकट दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याहून मोठी बातमी आली. कोलॉसल ऑर्डर आणि पॅराडॉक्स वेगळे होणार, आणि २०२६ पासून या खेळाचं काम टाम्पेरेतल्याच आइसफ्लेक या दुसऱ्या कंपनीकडं जाणार. ज्यांनी हे शहर पहिल्यांदा वसवलं, त्यांच्या हातातून ते गेलं. सुमारे ३० माणसांच्या कंपनीला ही किंमत लहान नाही.

तुमच्या घरात कुणी खेळणारं असेल, तर माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. दुसरा भाग आला म्हणून पहिल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर थांबा, घेणाऱ्यांचे अनुभव वाचा. 'किमान' आणि 'शिफारस' असे यंत्राचे जे आकडे दिलेले असतात, ते किती चित्रांच्या वेगासाठी आहेत, हे लिहिलंय का ते बघा. नुसत्या यादीवर पैसे खर्च करू नका. आणि खेळ अडखळला तर खोकं उचलून दुकानात नेण्याआधी दुसरा एखादा मोठा खेळ त्याच यंत्रावर चालवून बघा. तो नीट चालला, तर बहुधा दोष यंत्रात नाही.

हा शेवटचा उपाय धाकटीनं तेव्हाच केला होता. दुसरे दोन खेळ सुरळीत चालवून तिनं मला दाखवले होते. मी बघितले होते, आणि तरी खोकं उचललं होतं.

पाचव्या महिन्यात त्या खेळाचा मोठा पॅच आला. तीस-बत्तीस जीबीचा. आमच्या गल्लीतल्या इंटरनेटला रात्रभर लागली. सकाळी तिनं मला हाक मारली, स्टुलावर बसवलं आणि त्याच दारापाशी नेलं. या वेळी खेळानं सुरुवातीलाच चार-पाच मिनिटं घेऊन सगळे शेडर तयार करून घेतले होते. दार उघडलं. नायक आत गेला. चित्र कुठं थांबलं नाही. कॉम्प्युटर तोच, कार्ड तेच. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, 'बघितलंत अब्बा?'

मी म्हणालो, 'बघितलं. चुकलं माझं. ड्रॉइंग्जचंही.'

ती म्हणाली, 'ती आधीच्यापेक्षा चांगली झाली.' खरं होतं की माझी समजूत घालत होती, ते मी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी रात्री तिनं फोन एका डब्याला टेकवून ठेवला आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. या वेळी कंट्रोल तिच्या हातात होतं, आणि शारजातून भाई नकाशा बघून सांगत होता, डावीकडं, मागं बघ. कधी कधी फोनचं नेटवर्क अडकायचं आणि भाईचा चेहरा गोठायचा. तेव्हा ती खेळ थांबवून ठेवायची, तो परत हलेपर्यंत. मी शेजारच्या खोलीत वही उघडून बसलो होतो. पॅचनं खेळ दुरुस्त झाला होता. ईदच्या त्या तीन रात्री काही दुरुस्त झाल्या नाहीत. पण पलीकडून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि त्या रात्री मी एक ओळसुद्धा लिहिली नाही.